विसरण्याच्या कितीतरी आधी: अल्झायमर आणि मेंदूच्या देठातला निळा ठिपका

म्हातारपणी विस्मरण सुरू झाले की आपल्याकडे ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणतात आणि वागणे बदलले की ‘म्हातारचळ लागला’ म्हणून विषय मिटवतात. या दोन्ही बोलण्यांत एक समजूत दडलेली आहे. ती अशी की, बिघाड साठीच्या आसपास सुरू होतो, तो आठवणींपासूनच सुरू होतो आणि बाकीचे सारे वयाचे चाळे असतात. अल्झायमरबद्दल गेल्या वीसेक वर्षांत जे कळले आहे, ते या समजुतीच्या विरुद्ध जाते. आजाराच्या पहिल्या सूक्ष्म खुणा आठवणी साठवणाऱ्या भागात उमटत नाहीत. त्या उमटतात मेंदूच्या अगदी खालच्या टोकाला, झोप आणि जागेपण सांभाळणाऱ्या एका चिमुकल्या केंद्रात, आणि तेही विस्मरण दिसण्याच्या काही दशके आधी. अशी बातमी वाचली की दोन प्रश्न लगेच मनात येतात. आठवणींचा आजार झोपेच्या केंद्रात कसा सुरू होईल? आणि दशके आधी सुरू होत असेल, तर आपल्या सगळ्यांच्याच डोक्यात तो आत्ता बसलेला आहे की काय? हे दोन्ही प्रश्न रास्त आहेत, आणि दुसऱ्याचे उत्तर बातमीत सहसा नीट दिलेले नसते, म्हणून हा लेख.

आधी दोन प्रथिने

१९०१ साली जर्मनीतील फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात आलोइस अल्झायमर या डॉक्टरांकडे ५१ वर्षांची एक स्त्री आणली गेली. ती १९०६ मध्ये वारली, तेव्हा त्यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला आणि त्यांना दोन गोष्टी दिसल्या: पेशींच्या बाहेर साचलेली किटणे आणि पेशींच्या आत वळलेले धाग्यांचे गुंते. किटणे ज्या प्रथिनाची असतात त्याला अमायलॉइड म्हणतात आणि गुंते ज्याचे असतात त्याला टाऊ. अल्झायमरांनी या रुग्णाची जी हकिगत लिहून ठेवली, तिच्यातला एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. घरच्यांच्या डोळ्यांत भरलेले तिचे पहिले लक्षण विस्मरण नव्हते. ती नवऱ्यावर संशय घेऊ लागली होती. स्मरणशक्ती ढासळल्याचे त्यानंतर लक्षात आले.

इथून पुढे आपले काम मुख्यतः टाऊशी आहे. निरोगी पेशीत टाऊ अगदी उपयोगी प्रथिन असते. लग्नाच्या मांडवात बांबू उभे असतात आणि ते सुतळीने करकचून बांधलेले असतात; पेशीच्या आतही अशाच नळ्यांचा एक सांगाडा असतो, त्यांवरून माल इकडून तिकडे जातो आणि टाऊ ही त्यांना धरून ठेवणारी सुतळी असते. या सुतळीवर फॉस्फेटचे कण प्रमाणाबाहेर चिकटले की तिची पकड सुटते. सुटलेली सुतळी आधी नुसती लोंबकळते, मग एकमेकींत अडकते आणि शेवटी तिचा असा गुंता होतो की पेशीला तो सोडवताही येत नाही आणि बाहेर टाकताही येत नाही. लोंबकळणे आणि गुंता होणे या दोन वेगळ्या अवस्था आहेत, हे लक्षात ठेवावे. पुढे त्याची गरज पडणार आहे.

देठ, आणि देठातला ठिपका

फ्लॉवरचा गड्डा हातात घेतला तर वरचा फुगीर भाग आणि खालचा जाड देठ स्पष्ट दिसतो. मेंदूची ठेवण ढोबळमानाने तशीच आहे. विचार, भाषा, आठवणी वरच्या भागात असतात आणि खालचा देठ, म्हणजे ब्रेनस्टेम, मेंदूला मज्जारज्जूशी जोडतो. श्वास, हृदयाचे ठोके, गिळणे, झोप-जाग अशी न थांबणारी कामे इथून चालतात.

या देठात डाव्या-उजव्या बाजूला एकेक लहानसा पट्टा असतो. शवविच्छेदनात मेंदू कापल्यावर तो नुसत्या डोळ्यांनाही निळसर-काळसर दिसतो, म्हणून त्याचे लॅटिन नाव पडले लोकस सेरुलियस, म्हणजे निळी जागा. आपण त्याला निळा ठिपका म्हणू. हा रंग न्यूरोमेलॅनिन नावाच्या रंगद्रव्याचा असून ते वयाबरोबर साठत जाते. ठिपका लांबीला सुमारे दीड सेंटीमीटर आणि जाडीला दोनेक मिलीमीटर, म्हणजे उदबत्तीच्या मोडलेल्या तुकड्याएवढा. दोन्ही बाजूंच्या मिळून त्यात पन्नास हजारांच्या आसपास चेतापेशी असतात. संपूर्ण मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असल्याचा अंदाज आहे; म्हणजे साधारण सतरा लाखांमागे एक. परभणी जिल्ह्याच्या सगळ्या लोकसंख्येत एक माणूस, असे हे प्रमाण झाले.

त्या एका माणसाच्या हातात काय असावे, हे पाहण्यासारखे आहे. नॉरअॅड्रेनालिन नावाचे रसायन वरच्या मेंदूला मिळते ते जवळजवळ सगळे या ठिपक्यातून. सकाळी डोळे उघडून सावध होणे, अचानक आवाज झाला की तिकडे लक्ष जाणे, ताणाच्या प्रसंगी अंग सज्ज होणे आणि नवी गोष्ट मनात पक्की बसणे या साऱ्यांत त्याचा हात असतो. नॉरअॅड्रेनालिन आणखी एक काम करते, ज्याची चर्चा कमी होते. मेंदूत साफसफाई करणाऱ्या मायक्रोग्लिया नावाच्या पेशी असतात. त्यांनी कचरा उचलावा, पण विनाकारण दाह माजवू नये, यासाठी हे रसायन त्यांना आवरून धरते. उंदरांमध्ये हा पुरवठा तोडला तर अमायलॉइड जास्त साचते आणि दाहही वाढतो.

एका डीपीवर अख्खे शिवार

हाच ठिपका आधी का बिघडावा? मराठवाड्यातल्या कोणत्याही शेतकऱ्याला हे समजावण्यासाठी डीपीचे, म्हणजे शिवारातल्या विजेच्या ट्रान्सफॉर्मरचे, उदाहरण पुरेसे आहे. रब्बीच्या दिवसांत एका डीपीवर वीस-पंचवीस मोटारी चालतात, तारा लांबलांबच्या वस्त्यांपर्यंत गेलेल्या असतात, आणि सगळ्यात आधी जळते ती डीपी. शिवारातल्या मोटारी धडधाकट असतात, पण पाणी बंद पडते.

निळ्या ठिपक्यातल्या पेशींवरचा भार असाच आहे. एकेका पेशीचा तंतू फुटत फुटत मेंदूच्या दूरदूरच्या भागांत जातो. या तंतूंवर मायलिन नावाचे चरबीचे आवरण नसते किंवा अगदी थोडे असते, त्यामुळे संदेश पोचवायला जास्त ऊर्जा खर्च होते. माणूस जागा आहे तोवर या पेशी सतत काम करतात, गाढ झोपेत मंदावतात आणि ज्या झोपेत आपल्याला स्वप्ने पडतात त्या झोपेत जवळजवळ गप्प होतात. त्यांची विश्रांती ती एवढीच. शिवाय नॉरअॅड्रेनालिन तयार करताना पेशीला घातक ठरणारी काही उपउत्पादने निर्माण होतात. त्यातच या भागात केशवाहिन्यांचे जाळे दाट आहे आणि मेंदूतल्या द्रवाची एक पोकळीही अगदी लागून आहे, त्यामुळे रक्तातल्या किंवा द्रवातल्या अपायकारक गोष्टींचा संपर्क येण्याची शक्यता अधिक. दीर्घकाळ जागे ठेवलेल्या उंदरांमध्ये या पेशी प्रत्यक्ष मेल्याचे प्रयोगांत दिसले आहे. माणसात तसेच घडते का, हे उंदरांवरून ठरवता येत नाही, पण दिशा कळते.

हे कळले कसे?

१९९१ साली हायको ब्राक आणि एव्हा ब्राक या जर्मन शास्त्रज्ञ पती-पत्नीने टाऊचे गुंते मेंदूत कोणत्या क्रमाने पसरतात याच्या सहा पायऱ्या मांडल्या. पहिली पायरी कानाच्या आतल्या बाजूला असलेल्या, स्मृतिकेंद्राच्या उंबरठ्यावरच्या एका पट्टीत होती, आणि आजार तिथेच सुरू होतो असे बराच काळ मानले गेले. ब्राक यांनी पुढे देठाकडेही पाहायला सुरुवात केली. २०११ मध्ये त्यांच्या गटाने १ ते १०० वर्षे वयाच्या व्यक्तींचे २,३३२ मेंदू तपासून जे लिहिले त्याने क्रमच बदलला. सुटलेल्या टाऊच्या सर्वांत आधीच्या खुणा निळ्या ठिपक्यात होत्या, आणि त्या वेळी वरच्या मेंदूत काहीही नव्हते. सगळ्या मेंदूंपैकी अवघे १० असे निघाले, ज्यांत टाऊचा कसलाच बदल नव्हता.

ब्राझीलमधील साओ पावलोच्या मेंदू-संग्रहावर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी देठातल्या आणखी एका केंद्रात, सेरोटोनिन पुरवणाऱ्या रॅफे केंद्रकात, असेच लवकरचे बदल दाखवले होते. म्हणजे प्रश्न एका ठिपक्यापुरता नाही. सेरोटोनिनचा संबंध मनःस्थितीशी असतो, ही गोष्ट पुढे उदासीबद्दल बोलताना आठवावी.

मग विशीतल्या मुलांनाही अल्झायमर असतो का?

नाही. ब्राक यांच्याच एका अभ्यासात ४ ते २९ वर्षांच्या ४२ व्यक्तींचे मेंदू होते आणि त्यांपैकी ३८ मेंदूंत सुटलेल्या टाऊच्या खुणा आढळल्या. हा आकडा ऐकून घाबरायला होते. पण तो नीट वाचला तर उलट सांगतो. दहातल्या नऊ तरुणांत जी खूण सापडते, तिलाच आजार म्हणायचे तर बहुतेक सगळ्यांना म्हातारपणी अल्झायमर व्हायला हवा, आणि तसे होत नाही. साठीच्या वरच्या भारतीयांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत ७.४ टक्के आढळले, आणि त्यात अल्झायमरखेरीज इतर कारणांचा स्मृतिभ्रंशही धरलेला आहे.

इथे मांडवाची सुतळी पुन्हा आठवावी. तरुणांत दिसते ते सुटून लोंबकळणे, गुंता नव्हे. आणि सुटलेली सुतळी परत बांधता येते याचा निसर्गातच दाखला आहे. हिवाळाभर निपचित झोपणाऱ्या खारींच्या मेंदूत टाऊवर असेच फॉस्फेट चढते, आणि त्या जाग्या झाल्या की ते उतरते. म्हणून काही शास्त्रज्ञ या सुरुवातीच्या खुणांना आजाराची पहिली पायरी मानतात, तर काही त्यांना पेशीवरच्या भाराची साधी निशाणी समजतात आणि पुढे काही जणांतच, अमायलॉइडची जोड मिळाल्यावर, तिचे आजारात रूपांतर होते असे म्हणतात. मला दुसरी मांडणी अधिक पटते, कारण तिच्यात २,३३२ मेंदूंचाही हिशेब लागतो आणि नव्वदीतही तल्लख असलेल्या माणसांचाही.

कापसाचे उदाहरण इथे तंतोतंत लागू पडते. गुलाबी बोंडअळीची चाहूल फुलात लागते. पाकळ्या एकमेकींत गुरफटून डोमकळी होते. बोंडे लागली की ती बाहेरून हिरवीगार दिसतात, आणि फुटल्यावर आत कवडी, म्हणजे किडका कापूस, निघते तेव्हा करण्यासारखे फार उरलेले नसते. पण चार डोमकळ्या दिसल्या म्हणून कोणी उभे पीक उपटून टाकत नाही. त्या तोडून नष्ट करतात आणि शेतावर लक्ष ठेवतात.

पेशी केव्हा मरतात?

टाऊ सुटणे आणि पेशी मरणे यांत मोठा काळ जातो. साओ पावलोच्या संग्रहावरील २०१७ च्या अभ्यासात ब्राक यांची एकेक पायरी वाढली की निळ्या ठिपक्याचे आकारमान सरासरी ८.४ टक्क्यांनी घटल्याचे मोजले गेले, पण पेशींची संख्या लक्षणीय घटू लागली ती मधल्या पायऱ्यांपासून. म्हणजे आधी पेशी सुकते, तिच्या फांद्या आखडतात, आणि मरते ती बऱ्याच नंतर. या मधल्या काळाबद्दल मला आशा वाटते, कारण सुकलेल्या रोपाला पाणी देता येते.

याचा माणसाच्या बुद्धीशी संबंध आहे का, याचे एक चांगले उत्तर शिकागोत मिळाले. तिथे वृद्धांची दरवर्षी बौद्धिक चाचणी होत असे, आणि मृत्यूनंतर त्यांपैकी १६५ जणांचे मेंदू तपासले गेले. ज्यांच्या निळ्या ठिपक्यात पेशींची दाटी अधिक होती, त्यांची बुद्धी हयातीत कमी वेगाने उतरली होती. वरच्या मेंदूत किटणे आणि गुंते सारखेच असलेल्या दोघांमध्येही हा फरक टिकून राहत होता.

जिवंत माणसातही आता हा ठिपका पाहता येतो. न्यूरोमेलॅनिनमुळे विशिष्ट प्रकारच्या एमआरआयमध्ये तो उजळ दिसतो, आणि ज्यांच्यात ही चमक कमी असते त्यांच्या स्मृतिकेंद्राच्या उंबरठ्यावर टाऊ जास्त आढळतो. हे सारे संशोधनापुरते आहे. दवाखान्यातल्या नेहमीच्या एमआरआयमध्ये निळा ठिपका तपासला जात नाही, म्हणून रिपोर्टवर ‘नॉर्मल’ लिहिले असेल तर त्यात या ठिपक्याबद्दल काहीच सांगितलेले नसते.

झोप उडाली म्हणजे अल्झायमर का?

हा लेख वाचून कोणाची झोप उडू नये, म्हणून आधी स्पष्ट सांगतो: वयाबरोबर झोप थोडी तुटक होणे स्वाभाविक आहे, आणि झोप बिघडण्याची शंभर कारणे असतात. प्रोस्टेट वाढल्याने रात्री चारदा उठणे, गुडघ्यांचा ठणका, घोरताना श्वास अडकणे, दमा, चिंता, दुपारी तीन तास काढलेली झोप यांपैकी काहीही असू शकते. यांतल्या बहुतेकांवर उपाय आहे.

तरीही साओ पावलोच्या मेंदूंवरून आणखी एक गोष्ट पुढे आली आहे, जी घराघरांत माहीत असावी असे मला वाटते. टाऊ ज्यांच्यात ब्राकच्या अगदी पहिल्या पायऱ्यांवर होता आणि ज्यांना हयातीत विस्मरणाचा त्रास नव्हता, त्यांच्या नातेवाइकांना विचारल्यावर अस्वस्थता, चिंता, भूक बदलणे, उदासी आणि झोप बिघडणे या तक्रारी जास्त प्रमाणात निघाल्या. म्हणजे काहींच्या बाबतीत स्वभाव आणि झोप हीच पहिली घंटा असू शकते. सत्तरीपर्यंत ज्या माणसाला कधी उदासी नव्हती, त्याला ती बाहेरचे काही कारण नसताना येणे, आणि रात्र-दिवस उलटे होणे, हे ‘म्हातारचळ’ म्हणून सोडून देण्यासारखे नाही.

माझी आजी परभणी जिल्ह्यातल्या आमच्या गावी शेवटची काही वर्षे रात्री दोनला उठून अंगणात सडा घालायची. कोंबडा आरवला नाही तरी तिची सकाळ झालेली असे, आणि दुपारी पाहुणे आले तरी ती गाढ झोपलेली असे. तेव्हा तिला सगळी नातवंडे नावानिशी आठवत होती, म्हणून डॉक्टरांकडे नेण्याचे कोणाच्या मनातही आले नाही. तिला कोणता आजार होता, हे आता कोणी सांगू शकणार नाही, आणि मी तिच्यावर आज एखादे निदान लादणार नाही. पण तिला कोणी विचारलेसुद्धा नाही, याचे मला वाईट वाटते.

ठिपका वाचवणारे औषध आहे का?

आजाराचा प्रवास थांबवणारे असे औषध अजून नाही. लेकानेमॅब आणि डोनानेमॅब ही ज्या नव्या औषधांची चर्चा होते, ती अमायलॉइड काढतात. लेकानेमॅबच्या चाचणीत दीड वर्षात घसरण २७ टक्क्यांनी मंदावली, पण मेंदूत सूज किंवा बारीक रक्तस्राव होण्याचा धोकाही दिसला. देठाच्या बाजूने झालेला एक प्रयत्न सांगण्यासारखा आहे. अॅटोमॉक्सेटिन हे मुलांच्या अवधानाच्या त्रासावरचे जुने औषध नॉरअॅड्रेनालिन वाढवते. ते सौम्य बौद्धिक घट असलेल्या ३९ जणांना सहा महिने दिले गेले. मज्जाद्रवातला, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या द्रवातला, टाऊ कमी झाला, पण स्मरणशक्तीत फरक पडला नाही. सहा महिने आणि ३९ माणसे यांवरून ते निरुपयोगीही म्हणता येत नाही आणि उपयोगीही. मेडिकलमधून ते आणून घरच्यांना देण्याचा विचार कोणी करू नये. त्याने नाडी वाढते आणि वजन उतरते.

औषध नाही म्हणजे काहीच नाही, असे मात्र नव्हे. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीने २०२४ मध्ये टाळता येण्याजोगी १४ कारणे मांडली आणि ती सगळी दूर केली तर जगातला सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकेल असा अंदाज दिला. त्यांत रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, कमी शिक्षण आणि एकटेपणा तर आहेतच, पण ऐकू कमी येणे आणि मोतीबिंदूसारखी दृष्टीची अडचणही आहे. श्रवणयंत्र आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया हे मेंदूचेही उपचार आहेत, हे गावात अजून फार कमी लोकांना माहीत आहे.

आपल्या गावात हे कोणाच्या लक्षात येणार?

दसरा-दिवाळी झाली की बीड, धाराशिव, जालना आणि आसपासच्या तालुक्यांतून ऊसतोडीच्या जोड्या कारखान्यांवर जातात. घरी राहतात म्हातारी माणसे आणि शाळेत जाणारी नातवंडे. आजोबा रात्रभर ओसरीवर येरझारा घालतात, किंवा आजी दोन दोन दिवस नीट जेवत नाही, हे पाहणारे त्या घरात दहा वर्षांचे पोर असते. लेक-सून उन्हाळ्याच्या तोंडी परततात तेव्हा सहा महिन्यांतला बदल एकदम समोर येतो, आणि तो कधी सुरू झाला हे सांगायला कोणी नसते. त्या देशव्यापी पाहणीतही स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ग्रामीण भागात आणि न शिकलेल्यांत अधिक आढळले होते, म्हणजे जिथे पाहणारे कमी आहेत तिथेच आजार जास्त आहे. शेजारच्या बाईला किंवा आशाताईला जाण्यापूर्वी एवढे सांगून ठेवता येते: झोपेची वेळ उलटली, जेवण तुटले, विनाकारण संशय किंवा रडू येऊ लागले तर फोन करा.

दवाखान्यात नेताना महिनाभराची साधी नोंद बरोबर असावी: किती वाजता झोपले, रात्री किती वेळा उठले, झोपेत ओरडले किंवा हातपाय झाडले का, दिवसा किती झोपले, कोणकोणत्या गोळ्या चालू आहेत. गोळ्यांची पिशवीच न्यावी, कारण सर्दीच्या, लघवीच्या आणि झोपेच्या काही गोळ्यांनीही वृद्धांचा मेंदू धूसर होतो. थायरॉइड आणि बी-१२ जीवनसत्त्व तपासून घ्यावे. त्यांच्या कमतरतेने आलेले विस्मरण बरे होऊ शकते. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात, तसेच अंबाजोगाई, लातूर आणि नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार विभाग आहेत, आणि १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर घरबसल्या मोफत बोलता येते. डॉक्टर पहिल्यांदा विचारतील ते ‘विसरतात का?’ एवढेच असेल आणि उत्तर ‘नाही’ असेल, तर तिथे थांबू नये. झोपेची वही पुढे सरकवावी आणि हे कधीपासून बदलले ते सांगावे.